सोप्पंबाई आणि एकेचाळीस मिनिटांची बडबड

बाईंचं खरं नाव त्यांच्या कागदपत्रांवर असेलच, पण गल्लीत ते नाव घेऊन विचारलंत तर लोक नुसते तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. सोप्पंबाई म्हणा, की लगेच बोट वर होईल. औषधांच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना, पहिला मजला, दारावर निळी पाटी. चपला बाहेर काढायच्या. आत आठ कॉम्प्युटर, त्यातले सहा चालणारे, आणि आठांवरही जुन्या पडद्यांच्या कापडाची एकसारखी झाकणं. झाकणं शिवली बाईंच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं. ताईला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण बंद पडलेल्या दोघांनाही तिनं आठवणीनं झाकणं शिवली. "चालत नाहीत म्हणून काय उघडे ठेवायचे त्यांना?" असं तिचं म्हणणं.

सोप्पंबाई हे नाव पडलं ते बाईंच्या जिभेमुळे. समोरचा माणूस माउस उलटा धरून बसलेला असो, की पासवर्ड विसरून घामाघूम झालेला असो, बाई म्हणणार, "सोप्पं आहे हो!" आणि मग खरंच सोपं करून सांगणार. अठरा वर्षं त्यांनी हाच धंदा केला. या जिन्यावरून कोण कोण चढून गेलं! निवृत्तीला दोन वर्षं उरलेले कारकून, नातवंडांशी पडद्यावर बोलायचं म्हणून आलेल्या आज्या, "मला फक्त बिल टाइप करता आलं पाहिजे" म्हणणारा सुतार. कुणीही बाईंच्या वर्गातून रडत गेलं नाही. याचा बाईंना अभिमान होता, आणि तो थोडा जास्तच होता.

त्यालाही कारण आहे. बाई मुळात टायपिस्ट. एका मोठ्या कचेरीत चौदा वर्षं टाइपरायटर बडवला. मान वर न करता पानं काढायच्या, आणि चूक शोधून दाखवा म्हणायच्या. एक दिवस टाइपरायटर उचलून नेले आणि कॉम्प्युटर आले. ते शिकवायला एक टाय लावलेले गृहस्थ आले. ते गृहस्थ रॅम, रॉम, बाइट, बूट असं काहीबाही गारांसारखं बरसवू लागले. बाईंनी हात वर केला. "रॅम म्हणजे काय?" गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आता हेसुद्धा मीच सांगायचं का?" सगळी खोली हसली. ज्यांना रॅम म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं ते सगळ्यांत मोठ्यानं हसले. बाई बाथरूममध्ये गेल्या, नळ सोडला आणि हुंदके देऊन रडल्या. तिथंच त्यांनी ठरवलं, की आपण कधी कुणाला शिकवायला उभ्या राहिलो तर माणसाला शब्दांच्या धाकात ठेवायचं नाही.

मग त्यांनी एकेक शब्द पकडला आणि घरात आणला. हार्ड डिस्क म्हणजे कपाट. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कपाटात वर्षाचं सामान मावतं, पण काही करायचं तर ते ओट्यावर काढून घ्यावं लागतं. वीज गेली की ओटा साफ, कपाटातलं जिथल्या तिथं. "म्हणून सेव्ह करा हो, सेव्ह करा! सेव्ह म्हणजे ओट्यावरचं उचलून कपाटात ठेवणं." ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घरातली थोरली जाऊ. कुणाला केव्हा काय द्यायचं ते तीच ठरवणार, आणि ती रुसली की घर ठप्प. मुलीच्या पेपरातले नुसते आकडे म्हणजे डेटा. पोरगी पास झाली की नापास, ही झाली माहिती. लोक हसायचे, वहीत उतरवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी न घाबरता यायचे.

पहिल्या दिवशीचं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पडद्यावर हे छोटं चित्र दिसतंय ना, तीच तुमची फाईल. चित्रावर दोनदा टकटक केलं की फाईल उघडते. झालं! सोप्पं आहे हो!"

आता हे वाक्य पूर्ण खरं नव्हतं. पडद्यावरची काही चित्रं फाईल असतात, आणि काही नसतात. काहींच्या कोपऱ्यात एक बारीकसा बाण असतो. ते शॉर्टकट. शॉर्टकट म्हणजे फाईल कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी, फाईल नव्हे. बाईंना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. पण ते सांगायच्या अकराव्या धड्यात. पहिल्याच दिवशी सांगितलं तर लोक गोंधळतात, आणि निम्मे दुसऱ्या दिवशी जिना चढत नाहीत, हा अनुभव होता. म्हणून पहिल्या दिवशी ते वाक्य थोडं छाटून द्यायचं. आठव्या धड्यात कॉपी-पेस्ट आलं की पुष्कळजण खूश होऊन वर्ग सोडायचे, अकरावा त्यांच्या कानावर पडायचाच नाही. अठरा वर्षांत त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

घड्याळकाका वर्गात आले ते गेल्या वर्षी. गल्लीच्या टोकाला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, दुकान कसलं, एका दाराएवढी फट. त्यात ते डोळ्याला भिंग लावून बसलेले. वय सत्तरीच्या घरात, हात मात्र अजून स्थिर. त्यांचा एक नेम होता. दुरुस्त केलेलं घड्याळ लगेच गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. एक दिवस, एक रात्र आपल्यासमोर चालू द्यायचं, दोनदा वेळ ताडून बघायची, मगच हातावर ठेवायचं. लोक कुरकुरायचे, पण काका ऐकायचे नाहीत.

त्यांच्या बायकोला गल्लीत सगळे काकू म्हणत. काकू म्हणजे बोलण्याचं यंत्रच. दुपारी डबा घेऊन दुकानात यायच्या आणि डबा उघडायच्या आधी तोंड उघडायच्या. काका भिंगातून मान न काढता "हं" म्हणायचे. चाळीस वर्षं हा संसार असा झाला, एकानं बोलायचं आणि एकानं हं म्हणायचं. मग काकूंच्या घशाला दुखणं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावंच लागेल, जीव वाचेल बहुतेक, आवाज मात्र राहणार नाही.

काकूंना आवाज राहणार नाही म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांना कुठून कळणार?

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात परगावाहून काकूंची भाची आली होती. घरातला कॉम्प्युटर तिनंच दिलेला. काकूंनी तिच्याकडून रेकॉर्डिंग चालू करून घेतलं, तिला खोलीबाहेर काढलं आणि दाराला कडी लावली. एकेचाळीस मिनिटं त्या एकट्या बोलत बसल्या. मग भाचीला आत घेतलं आणि फाईलला नाव द्यायचं म्हणून एका बोटानं, अक्षर शोधत शोधत स्वतः टाइप केलं : बडबड. भाची म्हणाली, माझ्याकडे एक कॉपी ठेवू का? काकू म्हणाल्या, "अजिबात नाही. हे त्यांचं आहे. दुसऱ्या कुणी ऐकायचं नाही." काकांना फोल्डरमध्ये शोधत बसायला लागू नये म्हणून भाचीनं पडद्यावर, अगदी मधोमध, त्या फाईलचं चित्र आणून ठेवलं. चांगल्या मनानंच ठेवलं. त्या चित्राच्या कोपऱ्यात बारीकसा बाण होता.

ऑपरेशननंतर काकू आठ महिने जगल्या. पाटीवर लिहून बोलायच्या. काकांनी रेकॉर्डिंग लावायचं म्हटलं की पाटीवर लिहायच्या, "माझ्यामागं." मग तेही झालं.

त्यानंतर काका रोज दुपारी चारला दुकानाचं दार ओढून घरी जायचे आणि त्या चित्रावर दोनदा टकटक करायचे. एकेचाळीस मिनिटं ऐकायचे. त्यात काय होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एकदाच, वर्गात, बाईंना एवढं म्हणाले, "मध्येच थांबते हो ही. आणि विचारते, ऐकताय ना? का बसलात डोळ्यात भिंग घालून? मी आपला रोज उत्तर देतो. ऐकतोय, ऐकतोय म्हणतो." हे सांगून ते हसले, आणि चष्मा पुसायला लागले. चाळीस वर्षं जे ऐकलं नाही ते हा माणूस आता रोज चारला ऐकत होता.

वर्गात यायचं कारणही तेच. पहिल्या दिवशी जिना चढून आले, दम खाल्ला आणि म्हणाले, "बाई, मला दुसरं काही शिकायचं नाही. मला एक फाईल सांभाळता आली पाहिजे. एकच."

बाई म्हणाल्या, "सोप्पं आहे हो, काका!"

काकांसारखा विद्यार्थी बाईंनी पाहिला नव्हता. चार नंबरच्या मशीनवर बसायचे. आखीव वही, निळ्या शाईचं पेन, प्रत्येक वाक्य बाईंनी म्हटलं तसं, शब्द न बदलता. त्याखाली पट्टीनं रेघ. आठव्या धड्याला कॉपी-पेस्ट आलं तेव्हा त्यांनी एकच पत्र सतरा वेळा पेन ड्राइव्हवर नेलं आणि परत आणलं, हात बसेपर्यंत. मग गुडघा सुजला. तीन आठवडे जिना चढता आला नाही. नववा, दहावा आणि अकरावा धडा त्यांच्याशिवाय होऊन गेला.

त्या तीन आठवड्यांनंतर ते आले तेव्हा खुशीत होते. मशीन फार अडायला लागलं होतं, म्हणाले. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं सगळं पुसून नव्यानं करून दिलं, आता कसं पळतंय. "मी माझं आधीच काढून ठेवलं होतं," असं म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला. तो घड्याळाच्या छोट्या डबीत, कापसात ठेवला होता. "फक्त आता ते घरी उघडत नाहीये. नवीन मशीनला सवय नसेल अजून. तुम्ही बघता का?"

बाईंनी पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर एकच चित्र आलं. बडबड. कोपऱ्यात बाण.

बाण बाईंनी ओळखला. तरी त्यांनी टकटक केलं, कारण कधीकधी माणूस उगाच आशा करतो. इंग्रजीत एक चौकट उमटली, खाली दोन बटणं. बाईंनी घाईघाईनं उजवीकडचं दाबून ती घालवली. मग फाईलचा आकार बघितला : एक केबी, म्हणजे जेमतेम काही ओळींची जागा. एकेचाळीस मिनिटांचा आवाज काही एका केबीत मावत नाही. एका केबीत मावतो फक्त पत्ता.

"काय म्हणतंय?" काकांनी विचारलं.

"सोप..." बाईंची जीभ सवयीनं निघाली आणि मध्येच अडखळली. "काही नाही काका. हे मशीन जुनं झालंय. दोन दिवस राहू द्या माझ्याकडे."

"राहू द्या की. घाई नाही," काका म्हणाले. डबीही ठेवून गेले. कापूस नीट दाबून ठेवायला सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई दुरुस्तीवाल्याच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. भांडायच्या तयारीनं गेल्या होत्या, खोटं कशाला बोला. पण तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बाई, मी तीनदा विचारलं. सगळं काढलंत ना? मी काढून देऊ का? तर म्हणाले, मला येतं, मी शिकलोय. आणि स्वतः वाजवून बघितलं."

"वाजवून?"

"पेन ड्राइव्हमधून. मला बाहेर पायरीवर बसवलं आणि आत शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, थांबा, अजून एकदा. दोनदा ऐकलं, बाई. दीड तास बसलो मी पायरीवर. एवढं तपासल्यावर मी काय म्हणणार?"

त्या दीड तासात काय झालं ते बाईंना लख्ख दिसलं. चिठ्ठी पेन ड्राइव्हवर होती, फाईल तिथंच कपाटात. चिठ्ठी वाचून मशीन मुकाट्यानं कपाटाकडे जात होतं आणि आवाज वाजवत होतं. काकांनी आपल्या नेमाप्रमाणे दोनदा ताडून बघितलं, आणि दोन्ही वेळेला वेळ बरोबर आली. मग कपाट रिकामं करायला सांगितलं.

बाईंनी काकांच्या मशीनची डिस्क काढून घेतली. काकांना म्हणाल्या, जरा तपासायची आहे. काकांनी कारणसुद्धा विचारलं नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला पुसलेलं परत काढून देणारा एकजण होता, त्याच्याकडे ती नेऊन दिली. तो म्हणाला, बघू, नऊ-दहा दिवस लागतील.

ते दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. काका रोज चारला येत. जायचं कुठं, चारला घरी करायचं तरी काय? चार नंबरवर बसत, पत्र टाइप करत, सेव्ह करत, बंद करत. जाताना नुसतं बघत. बाई म्हणत, "अजून थोडं." काका म्हणत, "घाई नाही." सातव्या दिवशी मात्र ते जाता जाता दारात थांबले.

"बाई, एक विचारू? आवाज आठवतो मला हिचा. पण मध्ये एके ठिकाणी हसते ती. त्या हसण्याच्या आधी काहीतरी म्हणते. ते काय, हे काल दिवसभर आठवत होतो. येईना. एवढ्यात कसं विसरलो?" ते थोडे ओशाळले. "तुम्ही आपलं सावकाश करा. मी नुसतं सांगितलं."

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. ताईनं ताट झाकून ठेवलं आणि समोर येऊन बसली. तिला सगळं ठाऊक होतं, कारण बाईंना तिच्याखेरीज सांगायला होतं कोण?

"सांगून टाक," ताई म्हणाली.

"कसं सांगू? सुचत नाही गं."

"सुचत नाही, कारण तू ते सोपं करायला बघतेयस. हे सोपं नाहीच. अवघडच सांग."

"ताई, मी शिकवलं त्यांना. माझंच वाक्य आहे ते."

"मग तेही सांग," ताई म्हणाली आणि ताट पुन्हा पुढं सरकवलं.

दहाव्या दिवशी त्या माणसाचा फोन आला. सगळं धुंडाळलं, म्हणाला. त्या जागेवर नवीन लिहिलं गेलंय. काही उरलं नाही, बाई. एक सेकंदसुद्धा नाही. बाईंनी त्याला उगाच दोनदा विचारलं, नक्की का? तो म्हणाला, नक्की.

चार वाजता काका आले. बाईंनी वर्गाला येणाऱ्या बाकीच्या दोघींना लवकर सोडलं होतं. ताई आत होती, पण तिच्या शिलाई मशीनचा आवाज थांबला होता. बाईंनी चार नंबरजवळ खुर्ची ओढली आणि काकांच्या शेजारी बसल्या. शिकवताना त्या कधी बसत नसत.

"काका, पेन ड्राइव्हमध्ये काकूंचा आवाज नाही."

काका खुर्चीतच बाईंकडे वळले.

"तुम्ही जे नेलंत ते चित्र होतं. फाईल नव्हती. याला शॉर्टकट म्हणतात. हा कोपऱ्यातला बाण दिसतो ना, तो ज्याला असतो ती नुसती पत्त्याची चिठ्ठी. फाईल आत कपाटात होती. आणि कपाट पुसलं गेलं. मी डिस्क देऊन बघितली. काही निघालं नाही."

एवढं त्यांनी एका दमात सांगितलं. काही छाटलं नाही.

"पण मी तपासलं होतं," काका म्हणाले. "दोनदा. शेवटपर्यंत. दोन्ही वेळेला वाजली."

"हो काका. तेव्हा ती तिथंच होती."

काकांनी मान हलवली. घड्याळात नेमकं काय तुटलंय हे सापडल्यावर हलवत असतील तशी. मग पिशवीतून वही काढली आणि पहिलं पान उघडलं. ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. "माझ्या लिहिण्यात चुकलं असेल," ते पुटपुटले. "मी भरभर लिहीत होतो त्या दिवशी." बोट थांबलं. निळ्या शाईत, खाली पट्टीनं रेघ मारून, ते वाक्य होतं : पडद्यावर हे छोटं चित्र दिसतंय ना, तीच तुमची फाईल.

"तुमचं चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "मी तसंच सांगितलं होतं. सगळ्यांना तसंच सांगते. सोपं जावं म्हणून. खरं काय ते अकराव्या धड्यात सांगते."

"अकराव्या," काका म्हणाले.

"हो."

"मी आठच केले."

बाईंना रडू आवरेना. अठरा वर्षांत त्यांच्या वर्गात कुणी रडलं नव्हतं, आणि रडल्या त्या बाईच. काकांना काय करावं ते कळेना. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पुढं केला आणि परत वहीकडे बघू लागले. रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. ओरडले असते तर फारच बरं. काकांनी एकेक पान उलटलं. ओटा, कपाट, थोरली जाऊ, सगळी वही त्यांनी शेवटपर्यंत चाळली. मग अगदी हळू आवाजात, खरंच माहीत नसलेली गोष्ट विचारावी तसं विचारलं :

"बाई, यातलं अजून काय काय सोपं करून सांगितलंय?"

बाईंनी काकांच्या वहीतलं पेन घेतलं, ते वाक्य खोडलं, आणि बाजूला काय लिहायचं हे न सुचून पेन धरून तशाच बसल्या.

काकांनीच मग डबी मागितली. कापसातून पेन ड्राइव्ह काढला, स्वतः लावला, आणि त्या एकट्या चित्रावर दोनदा टकटक केलं. हात स्थिर होता. तीच इंग्रजी चौकट उमटली.

"त्या दिवशी तुम्ही ही पटकन घालवलीत," काका म्हणाले. "काय लिहिलंय यात? सगळं वाचा."

बाईंनी डोळे पुसले आणि वाचलं. शब्दाला शब्द सांगितलं. "बडबड. हा शॉर्टकट ज्या फाईलचा आहे ती हलवली किंवा बदलली गेली आहे. त्यामुळे हा शॉर्टकट आता नीट चालणार नाही. हा शॉर्टकट काढून टाकायचा का?"

"असं विचारतंय?"

"हो."

काका त्या नावाकडे बघत होते. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाइप केलेलं ते नाव. चौकटीतसुद्धा ते तसंच आलं होतं.

"यातलं नाही कुठलं?"

"उजवीकडचं."

काकांनी उजवीकडचं दाबलं.

आता पहिल्या दिवशी बाई वेगळं सांगतात. "पडद्यावरचं चित्र म्हणजे फाईल असेलच असं नाही," इथूनच सुरुवात करतात, बाण दाखवतात, आणि प्रत्येकाकडून फाईलचा आकार वाचून घेतल्याशिवाय पुढं जात नाहीत. नवे लोक गोंधळतात. परवाच एक आजी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अवघड आहे हो हे!" गल्लीत अजून सोप्पंबाई हेच नाव चालतं, म्हणून त्या नवख्या आजी सोप्पं हा शब्द यायची वाट बघत बसल्या. बाई म्हणाल्या, "हो. अवघड आहे." काहीजण दुसऱ्या दिवशी जिना चढत नाहीत. ताई म्हणते, नाही चढले तर नाही.

काका मात्र चढतात. बाईंना एका शब्दानं कधी लागेल असं बोलले नाहीत, आणि त्या दिवसाबद्दल पुन्हा काही विचारलंही नाही. नववा, दहावा, अकरावा धडा त्यांनी पुरा केला. रोज चारला दुकानाचं दार ओढून येतात, चार नंबरवर बसतात, डबी उघडून पेन ड्राइव्ह लावतात आणि दोनदा टकटक करतात. चौकट येते. शॉर्टकट काढून टाकायचा का, असं रोज विचारते. काका घड्याळात बघून एकेचाळीस मिनिटं तिच्यासमोर बसून राहतात. मग उजवीकडचं बटण दाबतात, पेन ड्राइव्ह कापसात ठेवतात, मशीनवर झाकण घालतात आणि जिना उतरतात.